मूषकाच्या वैऱ्याची शेपटी

उंदराचे डोळे मी नेहमी आधी आखते, बाप्पाचे नंतर. वडिलांनी लावलेली सवय आहे. उंदराचा डोळा म्हणजे काळा ठिपका आणि त्यात पांढरा कण, एवढंच काम. पण तेवढ्यात हात गरम होतो, रंग किती पातळ झालाय ते कळतं, ब्रशच्या टोकाला काही अडकलं असेल तर तेही समजतं. चूक झालीच तर उंदराच्या वाटणीला जाते आणि उंदीर काही तक्रार करत नाही. निदान यंदापर्यंत तरी केली नव्हती.

मी परळची. आमच्या गल्लीत बाबीदादाचा गणपतींचा कारखाना आहे. हा माझा मावसभाऊ. माती, साचे, कारागीर, गिऱ्हाइकं हा सगळा त्याचा संसार, डोळे माझे. मूर्तीचं अंग, पितांबर, दागिने रंगवून झाले की शेवटी डोळे करायचे, त्याला आमच्या धंद्यात आखणी म्हणतात. कारखान्यात वीस हात राबत असले तरी आखणीचा हात एकच असतो, कारण एका कारखान्यातल्या सगळ्या गणपतींची नजर एका घरातली वाटली पाहिजे. माझे वडील गिरणीतली पाळी संपवून इथे येऊन आखणी करायचे. त्यांच्यामागे मी करते. लोक म्हणतात, बाई असून? मी म्हणते, घरात सगळ्यांवर नजर कोण ठेवतं?

बाहेरच्या माणसाला वाटतं, डोळे म्हणजे चित्रकला. नाही हो. पांढरं, बुबुळ, बाहुली, कोपऱ्यातला लाल हे कुणीही शिकेल. कसोटी लागते ती वरच्या पापणीच्या रेघेला. आतल्या कोपऱ्यात बारीक सुरू व्हायची, मध्ये भरायची, बाहेर पुन्हा बारीक होत संपायची, आणि हे सगळं हात न उचलता. मोठ्या प्लास्टरच्या मूर्तीला तेलकट रंग असतो, चुकलं तर पुसता येतं. शाडूला पाण्यातले रंग. वरून पांढरा हात दिलेला असला तरी मातीची तहान भागलेली नसते. रेघ टेकली की ती पिते. मध्ये थांबलात तर सांधा दिसतो. त्या सांध्यामुळे बाप्पा झोपेतून उठल्यासारखा दिसतो असं वडील म्हणायचे, आणि तसा दिसला की जेवायचे नाहीत.

म्हणून सगळा जीव ब्रशमध्ये. वडिलांच्या काळात मुंगसाच्या केसांचे ब्रश मिळत. मुंगसं मारून केलेले, उघड विकायला. पुढे त्यावर बंदी आली आणि योग्यच झालं. मग मी दादरला एका चित्रसाहित्याच्या दुकानात गेले. दुकानदाराने काचेखालून एक ब्रश काढला, नवरीचा दागिना दाखवावा तसा.

"सेबल आहे ताई. इम्पोर्टेड."

"सेबल म्हणजे कोण?"

"असेल काहीतरी. मुंगसासारखं."

घरी येऊन पाण्यात बुडवला, कागदावर टेकवला आणि मी चक्क ओरडले. ब्रशचं पोट पाणी धरून ठेवत होतं आणि टोक केसाएवढं राहत होतं. एका बुडवणीत दोन डोळे! मी काही करायचंच नव्हतं, फक्त हात न्यायचा होता. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, हा केस ज्याचा आहे तो आहे तरी कोण?

आणि तिथून माझं डोकं जे फिरलं ते अजून जागेवर नाही.

सेबल हे नुसतं दुकानातलं नाव. सेबल हा वेगळाच प्राणी, श्रीमंतांचे कोट व्हायचे त्याचे. माझ्या ब्रशमधला केस सायबेरियातल्या वीझलच्या शेपटीचा, थंडीत दाट झालेल्या शेपटीचा. वीझल म्हणजे लांबुडका, आखूड पायांचा, वळवळणारा, डोळ्यांत नुसता खट्याळपणा. मी भाच्याला मोबाइलवर व्हिडिओ शोधायला लावले, मग स्वतःच शिकले. भाजी करपायची, पण मी बघत बसायची. सगळ्यात लहान वीझल म्हणजे जगातला सगळ्यात लहान शिकारी सस्तन प्राणी. माझ्या बांगडीतून आरपार जाईल! उंदराच्या बिळात उंदराच्या मागे घुसतो आणि त्याच बिळात आरामात राहतो. त्याचा मोठा भाऊ स्टोट. तो थंडीत पांढराशुभ्र होतो, फक्त शेपटीचं टोक काळं ठेवतो. का ठेवत असेल? तर वरून ससाणा आला की त्याची नजर त्या काळ्या टोकावर जाते, तो झडप तिथे घालतो आणि हा निसटतो. मी आयुष्यभर पांढऱ्यावर काळा ठिपका देऊन लोकांची नजर खेचते, आणि हे जनावर तोच ठिपका देऊन नजर चुकवतं! सांगा, वेड लागणार नाही तर काय होईल?

आणि कुळ तरी केवढं! उत्तरेकडचा वॉल्व्हरिन, कुत्र्याएवढा, पण लांडग्यांच्या तोंडचं ओढायला बघतो. आफ्रिकेत आणि आपल्याकडेही राहणारा रॅटल, त्याला आपल्याकडे चांदी अस्वल म्हणतात. कातडी इतकी सैल की कुणी मानेला धरलं तर आतल्या आत वळून चावतो. अमेरिकेतला फिशर नावाचा प्राणी साळिंदराला तोंडाकडून भिडतो. तोंडावर काळे-पांढरे पट्टे असलेले बॅजर बिळांची गावंच्या गावं खोदतात. या घराण्यातल्या कितीतरी माद्या पोटात गर्भ तसाच थांबवून ठेवतात आणि ऋतू बरा आला की मग वाढवतात. हे वाचलं तेव्हा मी चाळीतल्या सगळ्या बायकांना हाका मारून सांगितलं, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच पडलं की ही सोय आपल्याला का नाही.

समुद्रातलं पाणमांजर काखेत दगड बाळगतं आणि पोटावर शिंपले फोडून खातं. पाणमांजरही याच कुळातलं! माझ्या आजोळी, मालवणच्या खाडीत, लहानपणी मी एकाला खडकावर बसून मासा खाताना बघितलं होतं. मासा दोन हातांत धरून, डोकं आमच्याकडे वळवून, जणू काही आम्हीच त्याच्या जेवणात आगाऊपणा करतोय. ते आणि माझा ब्रश नात्यातले आहेत हे कळल्यावर मी ओट्यापाशी उडीच मारली. मुंगूस मात्र नात्यात नाही. दिसायला सख्खा भाऊ, पण जवळीक मांजराकडची. यावर मी लग्नाच्या पंगतीत एका प्राध्यापकांशी भांडले आहे. ते माझे दूरचे मेहुणे होते, आता आणखी दूरचे झालेत.

तर असं सगळं. आता मूळ गोष्ट.

गिरगावातली एक वाडी आहे. त्यांचा बाप्पा शाडूचा, बैठा, माझ्या छातीपर्यंत येईल एवढा. वडिलांपासून त्याचे डोळे आमच्या घरातले. मोठ्या मंडळांच्या उंच मूर्ती मी परांचीवर चढून करते, त्यांत दरारा आहे, पण माझा जीव या वाडीच्या बाप्पावर. त्याचा डोळा माझ्या बोटाएवढा लांब. पापणीची रेघ एका श्वासात होते. दरवर्षी ती झाली की मला वाटतं, चला, वर्ष सुरू झालं.

यंदा मूर्ती न्यायला यायचे त्याच्या आधीच्या रविवारी वाडीच्या मंडळाचा चिटणीस प्रथमेश कामाची पाहणी करायला आला. लोअर परळच्या ऑफिसात नोकरी करणारा गडी, गोड बोलणारा, हातात सदैव मोबाइल. मी उंदराचे डोळे आखत होते.

"ताई, हा ब्रश कसला हो? काय भारी रेघ येते!"

मला एवढंच पुरतं.

"थांबा थांबा, शूट करतो हां. बिनधास्त बोला, ताई."

मी बिनधास्त बोलले. सायबेरिया, शेपटी, बिळात घुसणं, एका चाव्यात मानेचा निकाल, सगळं. मध्येच उंदराच्या डोळ्यात पांढरा कण दिला आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "हा जर खरा असता ना, तर या ब्रशच्या मालकाने याला केव्हाच खाल्लं असतं!" आणि हसले. चांगली खळखळून हसले.

प्रथमेशने ते वाडीच्या ग्रुपवर टाकलं: आपल्या बाप्पाचे डोळे थेट सायबेरियातून. आधी अंगठे आले, मग हात जोडलेले आले. मग कुणीतरी विचारलं, वीझल काय खातो? दुसऱ्याने सांगितलं, उंदीर. तिसऱ्याने लिहिलं, अरे मग आपला मूषक? त्यानंतर कुणी अंगठा पाठवला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रथमेश, दोन कार्यकर्ते आणि मंडळाचे अध्यक्ष नाना कारखान्यात हजर. नाना ऐंशीच्या घरातले. सगळी उमर गिरगावातल्या छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेलेली. धोतर नाही, पण धोतर नेसल्यासारखे चालतात. रोज पहाटे दाढी, अंघोळ, पूजा, मग चहा. यात बदल झालेला वाडीत कुणी बघितलेला नाही.

"सुलभाताई, वाद घालायला आलो नाही," ते म्हणाले. "उंदीर खाणाऱ्या जनावराच्या शेपटीने उंदराचेच डोळे आखले, हे खरं का?"

"खरं आहे."

बाबीदादाने कपाळावर हात मारला. "तुका गप रवाक काय होता गो सुलू? आता गिरगावचो गणपती परत गेलो तर?"

"तू वायच गप रव," मी त्यालाच सांगितलं आणि नानांकडे वळले. "नाना, दरवर्षी हाच ब्रश आहे. तुमचा उंदीर कधी पळून गेला का?"

"माहीत नव्हतं तोवर ठीक होतं. आता सगळ्या वाडीला माहीत आहे. लोक म्हणतात, मूषकाच्या वैऱ्याची शेपटी बाप्पाच्या डोळ्याला लावायची नाही."

"बाप्पाच्या पोटाला नाग बांधलेला असतो. नाग काय वरणभात खातो? उंदीरच खातो ना? तो कसा चालतो?"

प्रथमेश खुदकन हसला. नानांनी त्याच्याकडे बघितलं तसा थांबला. मग त्यांनी विचार केला. खरोखर केला, डोळे मिटून.

"नाग पुराणात आहे," ते म्हणाले. "वीझल नाही."

मी चहा मागवला. चहा येईपर्यंत नुसतं बसायचं कसं म्हणून नानांनीच विचारलं, "दिसतो तरी कसा हा प्राणी?" बाबीदादा मागून हातवारे करत होता, नको, नको. पण विचारल्यावर मी सांगणार नाही असं कधी झालंय? मी स्टोटपासून सुरुवात केली. चहा आला, संपला, पुन्हा आला. दोन्ही कार्यकर्ते मातीच्या पोत्यांवर बसले. नानांना वॉल्व्हरिन फार आवडला. "एवढासा, आणि लांडग्यांपुढे?" असं दोनदा विचारलं. बॅजरपाशी आल्यावर मी सांगितलं की त्याचे केस पाणी धरतात, म्हणून जुन्या भारी दाढीच्या ब्रशात तेच घालायचे. नानांनी गालावरून हात फिरवला. मला वाटलं कंटाळले.

उठताना मात्र त्यांनी सांगायचं ते सांगितलं. "ऐकायला मजा आली. पण निर्णय तोच आहे. उंदराचे डोळे पुसून पुन्हा करा, बाप्पाचे नायलॉनच्या ब्रशने करा. जमणार नसेल तर आखणीला दुसरा हात बघू. परवा मूर्ती न्यायची आहे."

दुसरा हात. वडिलांपासूनच्या बाप्पाला दुसरा हात. मला राग आला, आणि खोटं कशाला सांगू, त्याहून जास्त भीती वाटली.

कारण नायलॉनने मला जमत नव्हतं. ते गेल्यावर मी एका फुटक्या मूर्तीवर करून बघितलं. टोक ठीक होतं, पण पोटात पाणी राहत नव्हतं. पापणीच्या अर्ध्या वाटेवर रेघ कोरडी पडायची. पुन्हा बुडवून आणेपर्यंत मातीने आधीचं पिऊन टाकलेलं. सांधा. दुसरा डोळा, पुन्हा सांधा. फुटक्या मूर्तीचं सगळं तोंड काळं झालं, पण एक रेघ सलग आली नाही.

बाबीदादा शेजारी येऊन बसला. हळूच म्हणाला, "त्याच ब्रशान कर. कोण बघता? नायलॉनान केलंय म्हणून सांगायचा."

मी कापसाचा ओला बोळा घेतला आणि उंदराचे डोळे पुसले. आंधळा उंदीर बाप्पाच्या पायाशी लाडू धरून बसला. मला त्याचीही दया आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर कारखान्यात गेले. आखणीला सकाळचं ऊन लागतं, ताडपत्री वर केली की ते मूर्तीच्या चेहऱ्यावर सरळ येतं. समोर दोन्ही ब्रश मांडले. काळा रंग घोटला. मग वीझलचा ब्रश उचलला, रंगात बुडवला, वाटीच्या काठावर टोक आणलं. नायलॉनचा तसाच पडून होता. मी ठरवलं होतं. रेघ चांगली यायला हवी, बाकी सगळं नंतर बघू. हात उचलला.

"सुलभाताई! आहात का?"

दारात नाना. एकटेच. श्वास लागलेला, दाढीचे पांढरे खुंट वाढलेले. नानांच्या गालावर खुंट मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. हातात प्लास्टिकची पिशवी. त्यांनी माझ्या हातातल्या ब्रशकडे बघितलं. कुठला ते त्यांना कळलं, कारण नायलॉनचा कोरडा समोरच होता. मी लपवायलाही विसरले.

त्यांनी पिशवीतून दाढीचा एक जुना ब्रश काढला आणि माझ्यापुढे धरला. हस्तिदंती रंगाची मूठ, केस झिजून आखूड झालेले.

"हा कोण ते सांगा."

मी माझा ब्रश पाण्यात ठेवला आणि तो हातात घेतला. उन्हात नेला. केस बुडाशी फिकट, मध्ये काळा पट्टा, टोकाला पुन्हा पांढरे. मला हसू आवरेना, पण आधी खात्री करायला हवी होती म्हणून बोटाने केस पसरले, पाण्यात बुडवून पिळले. पाणी धरून बसला बेटा.

"नाना," मी म्हणाले, "हा बॅजर आहे. वीझलचा चुलता."

"उंदीर खातो?"

"जास्त करून गांडुळं. पण मिळाला तर उंदीर काय सोडतो!"

नाना स्टुलावर बसले. "सासऱ्यांनी लग्नात दिला हो. परदेशातून मागवलेला. तेव्हापासून रोज सकाळी तोंडाला हा, आणि मग पूजा. रोज याने गाल घासायचे आणि त्याच गालांनी बाप्पापुढे बसायचं! काल तुम्ही बॅजरचं बोललात आणि आज दाढीच करवेना."

आणि ते हसायला लागले. आधी बारीक, मग खांदे हलेपर्यंत. मीही लागले. ऐंशीच्या घरातला माणूस आणि साठीच्या घरातली बाई, शाडूच्या चिखलात डोळे पुसत हसतोय, मागे आंधळा उंदीर आणि डोळे नसलेला बाप्पा. बाबीदादा आतून धावत आला, आमच्याकडे बघितलं आणि काही न विचारता परत गेला.

"ग्रुपवर मी लिहितो," नाना शेवटी म्हणाले. "माझी हरकत गेली. मला कुठल्या तोंडाने हरकत घेता येणार? तुमच्या ब्रशने करा."

आनंदाने मला उठून नाचावंसं वाटलं. मी वाटीकडे हातही नेला. तेवढ्यात त्यांनी विचारलं, अगदी सहज, वॉल्व्हरिनबद्दल विचारलं होतं तसंच.

"एक सांगा. शेपटीचे केस काढून घेतल्यावर त्या वीझलला सोडून देतात का? मेंढीसारखं? लोकर काढली की सोडली?"

इतका वेळ मी वीझलवर बोलत होते. वर्षानुवर्षं बोलत आले. हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता, आणि त्याचं उत्तर मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं.

"नाही नाना. सापळ्यात धरून मारतात. मग शेपटी कापतात."

"आणि हा?" त्यांनी स्वतःच्या ब्रशकडे बोट केलं.

"हा पण."

आपल्या हिमालयात हाच वीझल राहतो, त्याला कायद्याने हात लावता येत नाही. मुंगसाच्या ब्रशवर बंदी आली तेव्हा मीच योग्य झालं म्हणून मान डोलावली होती. हद्दीपलीकडचा वीझल तेवढा परका, असं मी कधी ठरवलं ते मला आठवत नव्हतं. ज्या जनावरासाठी मी भाज्या करपवल्या, मेहुणे तोडले, त्याचीच शेपटी धुऊनपुसून मी काचेच्या पेल्यात जपून ठेवत आले होते. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, आणि ते नानांच्या समोर वाटलं म्हणून अजूनच.

नानांनी दोन्ही ब्रशांकडे बघितलं.

"मूषकाचा वैरी वगैरे सोडा," ते म्हणाले. "तो आमचा खुळेपणा. पण ही गोष्ट खरी आहे. तुम्ही सोडणार असाल तर मीही सोडतो. नाहीतर दोघांनी आपापला वापरायचा आणि गप्प बसायचं. तुमच्यावर आहे."

"रेघ तुटेल, नाना."

"तुटेल का?"

"काल बघितलं करून. अर्ध्यात कोरडी पडते. सांधा दिसेल. वडिलांनी सांध्याचा गणपती कधी बाहेर जाऊ दिला नव्हता."

नानांनी मूर्तीकडे बघितलं नाही, ते माझ्याकडे बघत राहिले. मी वीझलचा ब्रश पाण्यात खळबळून धुतला. टोक ओठांनी ओढून सरळ केलं, तीही जुनी सवय. आणि बाजूला ठेवला.

मग एकदम डोक्यात आलं. एका ब्रशने वाट पुरी होत नाही ना? मग दोन ब्रश! बाबीदादाला हाक मारली, "दादा, नायलॉनचो दुसरो दी! तसलोच!" दोन्ही भरून घेतले, एक उजव्या हातात, एक डाव्या बोटांत तयार. पहिल्याने आतल्या कोपऱ्यातून चढायचं, पापणीच्या माथ्यापर्यंत. तो कोरडा पडायच्या आत दुसरा उचलून बाहेरच्या कोपऱ्यातून परत माथ्याकडे यायचं आणि ओल्यात ओलं मिळवायचं. असं कुणी केलेलं मी ऐकलं नव्हतं.

आधी उंदीर. दोन ठिपके, दोन कण. बघू लागला बिचारा.

मग बाप्पाचा उजवा डोळा. चढले, ब्रश बदलला, उतरले, मिळवलं. मिळालं! माथ्यावर दोन ओल्या रेघा एकमेकींत अशा गेल्या की मलाच कळेना कुठे भेटल्या. मी ओरडले, नाना स्टुलावरून उठले, बाबीदादा "बघूया, बघूया" करत आला. मी सगळ्यांना गप्प केलं, कारण डावा राहिला होता.

डाव्याला चढताना बरी होते. ब्रश बदलला, आणि दुसऱ्याचं टोक फाटलेलं. दोन केस बाहेर. ते जुळवायला एक श्वास गेला, फक्त एक, आणि तेवढ्यात मातीने घोट घेतला. मी बाहेरून आले, माथ्यावर टेकले. रेघ पुरी झाली. पण तिथे, नेमकं तिथे, केसाएवढा सांधा.

मी मागे सरले. बाप्पा बघत होता, सरळ आमच्याकडे, दोन्ही डोळ्यांनी. नजर होती, चांगली होती. पण सांधा होता. बाबीदादाने बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

नानांनी खिशातून भिंग काढलं. प्रुफं तपासणारा माणूस. रिटायर झाला तरी भिंग खिशातून जात नाही. डाव्या डोळ्याजवळ गेले, वाकले, बराच वेळ वाकलेले राहिले. मला वडिलांचं न जेवलेलं ताट दिसायला लागलं.

"आहे," ते म्हणाले.

"आहे, नाना."

"प्रुफात असता तर समासात खूण केली असती." भिंग मिटवून खिशात ठेवलं. "पण जाऊ द्या छापायला."

आगमनाला ढोल, गुलाल, नाचणारी पोरं, सगळं दरवर्षीसारखं झालं. मी पहिल्या दिवशी संध्याकाळच्या आरतीला वाडीत गेले. प्रथमेशने मला पुढे यायला खूण केली, मी मागेच बायकांत उभी राहिले. लोक म्हणत होते, यंदा डोळे काय जिवंत वाटतात. दरवर्षी म्हणतात. मला समईच्या उजेडात डावी पापणीच तेवढी दिसत होती, आणि तिच्या माथ्यावरचा सांधा.

पुढे नाना आरतीचं ताट घेऊन. दाढी केलेली होती, पण साबण हाताने चोळून. हनुवटीखाली एक आणि गालावर एक असं ताजं कापलेलं. आरती फिरवता फिरवता त्यांनी मान वळवली, बायकांत मला शोधलं, आणि स्वतःच्या डाव्या पापणीला बोट लावून भुवया उडवल्या. दिसतोय ना?

मी मान हलवली. दिसतोय. आणि माझ्या गालावर बोट फिरवून त्यांना विचारलं, दुखतंय का?

नाना हसले, ताट हिंदकळलं, शेजारच्या बाईने माझ्याकडे रागाने बघितलं. मला हसू आवरत नव्हतं. टाळ्या वाजवत मी त्या सांध्याकडे बघत उभी होते, आणि खरं सांगते, मला त्याची जराही लाज वाटत नव्हती.